मर्यादेत

खाली रंगाचं दुकान, वर आमची लॅब.
हडपसरचा पूल दिवसभर खिडकीला टेकून वाजतो,
ब्युरेटच्या टोकाचा थेंबही त्याच्यासोबत थरथरतो.
अकरा वर्षं मी हेच करतो:
मापून घेतलेलं पाणी, चिमूटभर काळी पूड,
पाणी डाळिंबाच्या सालीसारखं लाल,
मग थेंब, थेंब, थेंब,
आणि एका थेंबाला अचानक निळं.
तिथे थांबायचं.
आधी थांबलात तर खोटं. नंतर थांबलात तरी खोटं.

बुधवारी मोनाली खुटवड आल्या.
वाघोलीहून, दोन बस बदलून,
कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी,
झाकणावर प्लास्टिक, प्लास्टिकवर केसांचा रबर.
'टँकरचंय. टाकीत दोन दिवस उभं होतं, चालेल ना?'

नमुना क्रमांक. स्रोत. वापर: पिण्यासाठी.
का तपासायचंय, हा रकाना फॉर्मवर नाही.
मी सहज विचारलं.

'मागच्या वेळी पाचव्या महिन्यात
सोनोग्राफीवाले डॉक्टर बोलता बोलता गप्पच झाले.
मणका मिटला नव्हता म्हणे,
चेन उघडी राहावी तसा.
सासूबाई म्हणतात, ग्रहणात सुई धरली असशील.
मी शिवणकाम करते, दादा. रोजच धरते.
आता परत विचार चाललाय.
म्हटलं, आधी पाणी बघावं.'

मी बघितलं.
कठीणपणा चारशे ऐंशी.
फ्लोराइड शून्य पूर्णांक सात.
नायट्रेट एक्केचाळीस. पंचेचाळीसपर्यंत चालतं.
शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
एकच शब्द टाईप केला: मर्यादेत.

कॅल्शियम, मॅग्नेशियम,
काळ्या दगडातून झिरपत आलेली ही नावं.
कुणी म्हणतं, जास्त झाली तर.
कुणी म्हणतं, कमी पडली तर.
फिल्टरवाला तर घरी येऊन सगळीच काढून टाकतो
आणि मीटरवरचा सोळाचा आकडा
बारशाचे पेढे वाटावेत तसा दाखवतो.
मी दोन्हीकडचं वाचलंय, डोळे चुरचुरेपर्यंत.
शेवटी सगळीकडे एकच: असू शकेल.
या 'असू शकेल'चा रंग
कुठल्याच थेंबाला बदलत नाही.

माझ्या आधी आमच्याकडे एक मुलगी झाली होती.
टाळू फाटलेली. दूध नाकातून यायचं.
एकोणीस दिवस.
आईने ग्रहणात काकडी चिरली होती, असं ठरलं.
कुणी ठरवलं ते आता कुणाला आठवत नाही.
आई अजून काकडी चिरत नाही.
किसते. पाहुणे जेवायला असले तरी किसते.
मांजरीतली आमची विहीर बुजवली,
वर मंगल कार्यालयाचं पार्किंग झालं.
नमुना घ्यायला काही उरलं नाही.

शनिवारी त्या रिपोर्ट न्यायला आल्या.
वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.
'म्हणजे पाणी चांगलंय?'
'मर्यादेत आहे.'
'मग माझंच काही...'

नाही, म्हणालो मी.
एवढ्या जोरात, की खालच्या दुकानातला पोऱ्या
जिन्यात येऊन उभा राहिला.

मग आवाज उतरवून, शहाण्यासारखं:
फॉलिक ॲसिडची गोळी असते,
दिवस राहायच्या आधीच सुरू करतात,
डॉक्टरांना विचारा.
'आधीच?'
त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.
'मला तिसऱ्या महिन्यात दिली होती.'

म्हणजे मीही
त्यांच्या ओटीत आणखी एक घातलं,
सुईच्या शेजारी.

उरलेला नमुना आम्ही बेसिनमध्ये ओततो.
त्या दिवशी पेल्यात ओतला आणि प्यायलो.
जिभेला जड. चुना चाटल्यासारखा शेवट.
बाकी पाणीच.
रबर ड्रॉवरमध्ये ठेवलाय,
त्याला एक लांब केस अडकलेला.
परत करायचा राहिला.